गाठ जात नाही तेव्हा



या अंकासाठी आरोग्यकार्याचा नेहमीचा अहवाल लिहायचे ठरले होते. किती शिबिरे झाली, किती पाड्यांवर जाऊन आलो, किती जणांना औषधे मिळाली, हे आपण दर तिमाहीला वाचताच. या वेळी मात्र संपादकांच्या परवानगीने मी एकाच गोष्टीविषयी लिहीत आहे. मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली आणि लवकर न जाणारी गाठ, आणि तिच्यामुळे मनाला लागून राहणारा घोर. हा विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही. गेल्या पावसाळ्यात तो माझ्या स्वतःच्या गळ्याशी आला.

ऑगस्ट महिना होता. पाड्यावरून भिजून घरी आले, टॉवेलने मान पुसत होते आणि डाव्या जबड्याच्या खाली बोटाला काहीतरी लागले. चिंचोक्याएवढे, दाबले की बाजूला सरकणारे. दुखत नव्हते. सकाळपर्यंत जाईल असे म्हणून झोपले. सकाळी उठल्यावर दात घासण्याआधी माझा हात तिथे गेला. ती तिथेच होती.

त्यानंतर दोन महिने माझा हात तिथेच होता म्हटले तरी चालेल. आरशात बघायचे, उजव्या बाजूशी ताडून पाहायचे, रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा चाचपायचे. एकदा जेवताना मुलगी म्हणाली, "आई, तू मघापासून सात वेळा मानेला हात लावलास." मी मच्छर चावल्याचे कारण सांगितले.

मी गावोगाव जाऊन काय सांगते, हे आपल्याला ठाऊक आहे. गाठ दिसली की दडवू नका, दाखवा. हेच वाक्य मी कितीतरी ओट्यांवर बसून बोलले आहे. आणि माझी गाठ मी दोन महिने कोणाला सांगितली नाही. आधी वाटले, एवढ्याशा गोष्टीचा कशाला गाजावाजा. नंतर भीती वाटू लागली. माझ्या थोरल्या काकांना तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झाला होता आणि तो पहिल्यांदा मानेतल्या गाठीनेच ध्यानात आला होता. तिसरे कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. स्त्रियांच्या उपासनेत रविवारी चिंतेवर मनन देणारी बाई सोमवारी आरशासमोर मान वाकडी करून उभी राहते, हे कोणाला कळू नये असे मला वाटत होते.

गाठ म्हणजे नेमके काय

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज बारीक नळ्यांचे आणखी एक जाळे आहे. त्यातून लसिका नावाचा पातळ, जवळजवळ रंग नसलेला द्रव वाहतो. या नळ्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान ग्रंथी बसवलेल्या आहेत. त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. सगळ्या शरीरात मिळून त्या शेकडो आहेत. मानेत, काखेत आणि जांघेत त्या वरच्यावर असल्यामुळे हाताला लागतात, छातीच्या आणि पोटाच्या आतल्या लागत नाहीत.

आमच्या भागात मी वनखात्याच्या नाक्याचे उदाहरण देते. जंगलातून येणारी गाडी नाक्यावर थांबते, तपासली जाते, मग पुढे सोडतात. तसेच शरीराच्या त्या त्या भागातून वाहत येणारी लसिका त्या भागाच्या ग्रंथीत तपासली जाते. जंतू सापडले की नाक्यावर जादा माणसे बोलावली जातात, झटापट होते, गर्दी होते. ती गर्दी म्हणजे आपल्या हाताला लागणारी सूज. म्हणजे गाठ सुजली याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की नाका झोपलेला नाही.

जुन्या माणसांना हे त्यांच्या परीने माहीत होते. पायात काटा मोडून पिकला की जांघेत गोळा येतो, त्याला आपण अवधाण म्हणतो. माझी आजी अवधाण आलेल्या पोराची जांघ बघायच्या आधी त्याचा पाय मांडीवर घेऊन तळवा बघायची. दवाखान्यात डॉक्टर जे करतात ते याहून फार वेगळे नाही. मानेत गाठ असेल तर दात, हिरड्या, घसा, कान आणि डोक्याची कातडी पाहायची. काखेत असेल तर हात आणि स्तन. जांघेत असेल तर पाय आणि गुप्तांग. आश्रमशाळेच्या तपासणीत मानेमागे बारीक गाठी असलेल्या मुली हमखास भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या डोक्यात उवा आणि खाजवून झालेली खरजे असतात. डोके स्वच्छ झाले की गाठी हळूहळू उतरतात. लहान बाळांना डाव्या दंडावर बीसीजीची लस दिल्यावर कधी कधी डाव्या काखेत गाठ येते, तीही याच कारणाने.

आता प्रश्न असा, की कारण गेले तरी गाठ का जात नाही? गर्दी जमते पटकन, पांगायला वेळ लागतो. साध्या जंतुसंसर्गानंतर गाठ उतरायला दोन ते चार आठवडे लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. कधी त्याहून जास्तही लागतात. एखाद्या ग्रंथीत झटापटीनंतर थोडा व्रण राहून जातो आणि ती वाटाण्याच्या दाण्यासारखी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हाताला लागत राहते. ती काही करत नाही, नुसती असते. अंगाने बारीक असलेल्या माणसाच्या आणि लहान मुलांच्या मानेत अशा ग्रंथी सहज सापडतात. शोधायला गेले की सापडतात, आणि घाबरलेला माणूस शोधायला जातोच.

पण हे वाचून कोणी दवाखान्यात जायचे टाळू नये. कारण न जाणाऱ्या गाठींमध्ये क्षयरोगाच्या गाठी असतात आणि कधी कर्करोगाच्याही असतात. आमच्याकडे मी सांगते ते असे. मानेतली किंवा काखेतली गाठ एक सेंटिमीटरहून मोठी असेल, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याहून मोठी, आणि दोन आठवड्यांत उतरायला लागली नसेल, तर दाखवा. गाठ दगडासारखी टणक असेल, आतल्या भागाला चिकटून बसली असेल, वाढत चालली असेल, किंवा गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. सोबत संध्याकाळी ताप, रात्री अंथरूण भिजेल असा घाम, वजन उतरणे, आवाज बसणे, तोंडात न भरणारी जखम, यांतले काहीही असेल तरीही तेच. मशेरी, तंबाखू, गुटखा घेणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. दुखत नाही म्हणून गाठ साधी, हा समज अगदी उलटा आहे. संसर्गाची गाठ बहुधा दुखते. न दुखणारी गाठ तपासून घ्यावी लागते.

आणि तपासणीच्या आधी गाठीवर काही करू नका. बिब्बा घालणे, चटके देणे, ब्लेडने फोडणे, हे सगळे मी पाहिले आहे. क्षयाची गाठ अशी फोडली तर तिथे वाहती जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. तसेच कोणाकडूनही 'ताकदीचे' किंवा 'सूज उतरायचे' इंजेक्शन घेऊ नका. त्यातल्या काही औषधांनी गाठ तात्पुरती बसते, रोग आत तसाच राहतो, आणि पुढे तो ओळखणे कठीण होते.

माझी तपासणी

ऑक्टोबरात एका रात्री मी पतींना सांगितले. मला वाटले होते ते रागावतील, निदान विचारतील की इतके दिवस का लपवलेस. त्यांनी टॉर्च आणला, बघितले आणि म्हणाले, "कधी जायचं? बुधवारी मला सुट्टी आहे." दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या रात्री मी सलग झोपले. गाठ तेवढीच होती. फक्त ती आता दोघांची झाली होती आणि तिला एक वार मिळाला होता.

डॉक्टरबाईंनी मानेला हात लावण्याआधी मला आ करायला सांगितले. डावीकडची खालची दाढ किडलेली होती. जुलैत ती ठणकत होती तेव्हा मी लवंग धरून आणि गोळ्या खाऊन वेळ मारून नेली होती. मग त्यांनी मानेच्या दोन्ही बाजू, गळ्याच्या हाडावरचे खळगे, दोन्ही काखा, जांघा तपासल्या, पोट चाचपून यकृत आणि प्लीहा पाहिली. गाठ पट्टीने मोजून कागदावर आकडा लिहिला. मी दोन महिने बोटाने मोजत होते आणि रोज नवा आकडा येत होता. पट्टीने मोजलेला आकडा दीड सेंटिमीटरला थोडा कमी होता.

दाढ काढली. रक्त तपासले, छातीचा एक्स-रे झाला. तीन आठवड्यांनी गाठ तेवढीच होती, म्हणून सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाली. सुईचे नाव ऐकून पुष्कळ लोक पळतात, म्हणून सांगते: इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचे काम आहे. सुई लावल्याने रोग पसरतो, ही भीतीही मनातून काढून टाकावी. सोनोग्राफीत ग्रंथीचा घेवड्याच्या दाण्यासारखा आकार टिकून होता, हे चांगले लक्षण समजतात. सुईच्या अहवालात संसर्गामुळे सुजलेली ग्रंथी असे आले. क्षय नाही, कर्करोगाच्या पेशी नाहीत.

मी तो कागद घेऊन एसटीत बसले आणि रडले. देवाचे आभार मानले. आणि गाडी स्टँडवरून हलण्याच्या आत माझा हात पुन्हा मानेवर गेला.

या क्षणाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. तपासणीपूर्वीच्या चिंतेचे औषध तपासणी आहे, हे सगळे सांगतात. तपासणीनंतर जी चिंता उरते तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. अहवाल चांगला आला, घरचे सुटले, मंडळीत आभारप्रार्थना झाली. आता काळजी करायला माणसाला हक्कच उरत नाही. पण गाठ तिथेच असते. सुई नेमकी जागी लागली असेल ना? अहवालांची अदलाबदल झाली नसेल ना? काल एवढी होती, आज मोठी वाटते का? हे प्रश्न रात्री दोन वाजता येतात आणि त्या वेळी विचारायला कोणी जागे नसते.

मी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले. खोटे कशाला बोलू, डोके दुखते असे सांगून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "गाठ दाखवायला आलात ना?" मग त्यांनी दहा मिनिटे दिली. गर्दीच्या दिवशी दहा मिनिटे म्हणजे काय, हे दवाखान्यात बसणाऱ्यांना कळेल. त्या म्हणाल्या, ही गाठ कदाचित कधीच पूर्ण जाणार नाही, आणि तरी तुम्ही बऱ्या आहात. सारखे दाबल्याने ग्रंथी चिडते, दुखते, थोडी फुगते, आणि मग तुम्हाला वाटते वाढली. बोट चांगली पट्टी नाही, घाबरलेले बोट तर नाहीच. सुईची तपासणी शंभर टक्के अचूक नसते हेही खरे, म्हणूनच आपण तीन महिन्यांनी पुन्हा मोजणार आहोत, वाढली तर पुन्हा तपासू, गरज पडली तर गाठच काढून तपासू. वजन उतरले, ताप राहिला, नवी गाठ आली, तर त्याआधी या. "आणि मधले तीन महिने गाठीची काळजी माझ्याकडे ठेवा," असे म्हणून त्यांनी कार्डावर फेब्रुवारीची तारीख लिहिली.

त्या तारखेने जेवढे काम केले तेवढे माझ्या स्वतःच्या निश्चयाने केले नव्हते. शंका आली की मी कार्ड काढून बघत असे. फेब्रुवारीत विचारायचे. प्रश्न वहीत लिहून ठेवत असे. पहिल्या महिन्यात वहीचे दीड पान भरले, दुसऱ्यात चार ओळी. हात थांबवण्यासाठी मुलीला सांगितले, की माझा हात मानेवर दिसला की नुसते 'आई' म्हण. तिने हे काम फारच आनंदाने केले. चार लोकांत, चर्चच्या बाकावर बसूनसुद्धा केले. महिन्याच्या पहिल्या तारखेला एकदा, अंघोळीच्या वेळी, मी गाठ बघत असे. बाकीचे दिवस नाही. हे सोपे गेले असे म्हणणार नाही. पहिले पंधरा दिवस तंबाखू सोडणाऱ्यासारखे गेले.

प्रार्थनेविषयीही सांगायला हवे. एका रात्री माझ्या लक्षात आले, की मी डोळे मिटून प्रार्थना करते आहे आणि माझे बोट गाठीवर आहे. म्हणजे तोंडाने देवाशी बोलत होते आणि बोटाने उत्तर तपासत होते. त्यानंतर मी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून प्रार्थना करू लागले. यात काही मोठे आध्यात्मिक रहस्य नाही, पण हात रिकामे राहिले.

हिज्कीया राजाच्या गळवाची हकीकत आपण सगळ्यांनी वाचली आहे. राजा भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने ऐकले, १५ वर्षे वाढवून दिली. आणि तरी यशयाने अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधायला लावली. डिप्लोमाच्या वर्गात हा भाग मी परीक्षेपुरता शिकले. प्रार्थना ऐकली गेली होती आणि लेपही लावला गेला, म्हणजे दवाखान्यात जाणे हा अविश्वास नाही, एवढे मी आजवर भाषणांतून सांगत आले. पण पुढचा तपशील माझ्या नजरेतून सुटला होता. उत्तर मिळाल्यावरही राजाने खूण मागितली. मी बरा होईन हे कशावरून, असे त्याने विचारले. यासाठी यशया त्याच्यावर संतापला नाही. खूण कोणती हवी, सावली दहा पायऱ्या पुढे की दहा पायऱ्या मागे, अशी निवडच त्याच्यापुढे ठेवली. चांगला अहवाल हातात असूनही ज्याचा जीव थाऱ्यावर नाही, अशा माणसाला शास्त्रात जागा आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

गोळ्या घेतेस, मग गाठ का वाढली?

माझ्या सुईच्या तपासणीच्या आसपासच आमच्या एका पाड्यावर १९ वर्षांची एक मुलगी ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसलेली दिसली. उन्हाचे दिवस नव्हते, थंडीचेही नव्हते. ओढणीखाली मानेच्या उजव्या बाजूला ओळीने तीन गाठी होत्या आणि आजीने लावलेल्या बिब्ब्याने कातडी भाजली होती. जुने लोक ज्याला गंडमाळा म्हणत ती ही. बापाला वाटत होते, मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, आता दवाखान्यात नेले तर गावभर होईल. दिवाळी झाली होती, घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत निघायच्या तयारीत होते. मुलगीही जाणार होती. कशीबशी समजूत घालून आम्ही तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. सुईने काढलेल्या नमुन्यात क्षयरोग निघाला. छाती स्वच्छ होती.

इथे दोन गोष्टी सांगते, कारण त्या कळल्याने घरचे निम्मे भय गेले. फक्त गाठीचा क्षय असेल आणि फुप्फुसात नसेल, तर तो श्वासातून किंवा खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळे करण्याची, बाजेवर एकटे झोपवण्याची गरज नाही. दुसरे, तपासणी आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला पैसे येतात. हे पूर्वी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. मुलगी आजीपाशी राहिली, बाकीचे गेले.

निघताना मी तिला म्हणाले, "गोळ्या चुकवू नकोस. गाठ जाईल." ही माझी चूक. बोलताना ती मला चूक वाटलीही नाही.

जानेवारीत आशाताईंचा फोन आला. मुलीने अकरा दिवस गोळ्या घेतलेल्या नाहीत. मी गेले. दोन गाठी लहान झाल्या होत्या, पण तिसरी लिंबाएवढी झाली होती आणि डाव्या बाजूला एक नवी आली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तूच म्हणाली होतीस गाठ जाईल." आजी म्हणाली, दवा लागू पडला नाही, आता आमच्या पद्धतीने करू.

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी काहीतरी बोलायला लागले आणि बोलता बोलता हात मानेवर गेला. मुलीने ते पाहिले. "तुलाही आहे?" तिने विचारले. मी हो म्हणाले. "गेली का?" "नाही. डॉक्टर म्हणतात कदाचित जाणारच नाही." "मग तुला भीती वाटत नाही?" "वाटते." तेवढ्यावर ती उठली, तिने माझी गाठ बोटाने चाचपून पाहिली आणि मला तिची लिंबाएवढी गाठ दाखवली. मुलीने गोळ्या का सोडल्या हे विचारायला मी गेले होते. पण तिला कोणी तरी सोबत बसून घाबरणारे हवे होते, आणि तशी मी आपोआप निघाले. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर यायला तयार झाली.

डॉक्टरांनी समजावले ते मला आधीच माहीत असायला हवे होते. गाठीच्या क्षयात औषध चालू असताना काही रुग्णांच्या गाठी मध्येच मोठ्या होतात, नव्याही येतात. औषधाने जंतू मरत असतात, पण मेलेल्या जंतूंशीही शरीराची झटापट चालू असते, तिची ही सूज. म्हणजे औषध हरले असा त्याचा अर्थ लगेच काढायचा नसतो. मात्र ते खरेच तसे आहे की औषधाला न जुमानणारा क्षय आहे, हे डॉक्टरांनीच तपासून ठरवायचे. म्हणून गोळ्या न थांबवता दाखवायला यायचे. आणि उपचार पूर्ण झाल्यावरही एखादी छोटी गाठ शिल्लक राहू शकते. तेवढ्यावरून रोग उरला असे होत नाही. वाढू लागली तर मात्र पुन्हा तपासायचे. त्यासाठी गोळ्या संपल्यावरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, तिला बोलावले आहे.

त्या दिवसापासून मी 'गाठ जाईल' असे कोणाला सांगत नाही. 'गोळ्या घेतल्यास तू बरी होशील, गाठ तिच्या वेळेने जाईल किंवा थोडी राहील, मध्येच वाढली तर घाबरून थांबू नकोस, मला फोन कर,' असे सांगते. वाक्य लांब आहे, पण पाठ झाले आहे.

मंडळीतल्या वाचकांसाठी थोडे लिहिते, कारण चिंतेत असलेला माणूस आपल्याच बाकावर शेजारी बसलेला असतो. मला गाठ असल्याचे कळल्यावर एका भगिनीने लगेच सांगितले, की त्यांच्या नणंदेला अगदी अशीच गाठ होती आणि त्या तीन महिन्यांत वारल्या. त्यांनी मायेनेच सांगितले, पण त्या नणंदबाई पुढे कितीतरी रात्री माझ्या उशाशी बसून होत्या. दुसऱ्या एका बंधूंनी माझा विश्वास कमी पडतो असे सुचवले. त्यांना मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलत नाही. ज्यांचा उपयोग झाला त्यांत एक आमच्या पाळकांच्या पत्नी. त्यांनी गाठ दाखव म्हटले नाही, कशी आहे विचारले नाही. "तारीख कधी आहे?" एवढेच विचारले, ती आपल्या वहीत लिहिली आणि त्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीला डबा घेऊन आल्या. पाड्यावरच्या माणसासाठी तर सोबत हा अर्धा उपचार आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हेच न कळल्याने कितीतरी जण सुईच्या तपासणीपर्यंत पोहोचत नाहीत, परत जातात.

फेब्रुवारीत माझी गाठ मोजली. तेवढीच, किंचित कमी म्हणता येईल अशी. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची मिळाली आहे, ती या ऑगस्टात येते. हात अजून जातो, पण कधी तरी, आणि गेला की मुलगी लक्ष ठेवून असतेच.

त्या मुलीच्या गोळ्या जूनच्या पहिल्या आठवड्यात संपल्या. मध्ये चुकलेल्या दिवसांचा हिशेब डॉक्टरांनी धरला होता. तिचे वजन सहा किलो वाढले आहे. उजव्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढी एक गाठ राहिली आहे, आणि बिब्ब्याचा डाग. गुजरातेतून परत आलेल्या तिच्या आईने मी बसलेली असतानाच तिच्या मानेवरून हात फिरवला आणि घाबरून विचारले, "ही अजून आहे?"

ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मान न वळवता म्हणाली, "आहे. तिची तारीख डिसेंबरात आहे."